रविवारची सुट्टी: मुंबईच्या गिरण्यांतील विश्रांतीचा इतिहास

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचे गिरणी मालकांच्या संघाने 10 जून 1890 रोजी मान्य केले. शहरातली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली काढलेल्या कंपनीची. ताडदेवच्या या गिरणीतून 1856 मध्ये सूत निघू लागले. म्हणजे मधली चौतीस वर्षे यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या प्रौढ माणसाला हक्काचा असा एकही मोकळा दिवस नव्हता. दुपारी भाकरी खाण्यापुरते तरी यंत्र थांबावे, ही गोष्ट तर त्यानंतरही दीड वर्षाने, 1 जानेवारी 1892 पासून अमलात आली. कामातली विश्रांती ही या शहरात कोणाच्या सौजन्याने आलेली नाही. सभा, अर्ज, चौकशी समित्या, संप आणि कायदे अशा वाटेने ती आली, आणि एका बाजूने मिळाली तर दुसऱ्या बाजूने जात राहिली.

गिरणीत आलेली बहुतेक माणसे कोकणातली आणि घाटावरची, शेतकरी कुटुंबांतली होती. शेतीत कष्ट कमी नव्हते, पण त्या कष्टांची विभागणी वेगळी होती. पेरणी, खुरपणी आणि काढणीच्या दिवसांत उसंत नसे. मधल्या काळात ती आपोआप मिळे. काही गावांत अमावास्येला, काही गावांत सोमवारी औत जुंपत नसत. वर्षातून एकदा बैलांनाही पूर्ण विश्रांती होती: दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला, इतरत्र पोळ्याला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलाने किंवा लोण्याने मळायचे आणि सणाच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा रिवाज आजही पाळला जातो. आठवडे बाजाराचा दिवसही निम्मा कामाचा, निम्मा मोकळा असे. शिवाय शेतात काम करणारा माणूस बांधावर बसू शकत होता, तंबाखू मळू शकत होता, झाडाखाली अर्धा तास आडवा होऊ शकत होता. कामाची गती त्याच्या हातात होती. मजुरावर मुकादमाची नजर असली तरी मुकादमही माणूसच होता. उन्हात तोही थकत असे.

गिरणीने ही गती माणसाच्या हातातून काढून इंजिनाकडे दिली. एका वाफेच्या इंजिनावरून पट्ट्यांनी शेकडो साचे म्हणजे माग आणि हजारो चात्या फिरत. इंजिन चालू आहे तोवर साचा चालू, आणि साचा चालू आहे तोवर साचेवाल्याने त्याच्यापुढे उभे राहायचे. सूत तुटले की जोडायचे, बॉबिन रिकामी झाली की बदलायची. सुरुवातीला रात्री उजेडाची सोय नव्हती, म्हणून गिरण्या सूर्यावर चालत. उजाडताच भोंगा होई आणि अंधार पडेपर्यंत काम चाले. परिणामी कामाचा दिवस ऋतूप्रमाणे लांबत-आखडत असे: हिवाळ्यात अकरा-बारा तास, उन्हाळ्यात साडेतेरा ते चौदा. सर्वांत जास्त उकाड्याच्या महिन्यांत सर्वांत लांब दिवस, हा या व्यवस्थेचा क्रूरपणा होता. खात्यात कापसाची पिंज उडत असे, आणि सूत तुटू नये म्हणून विणकाम खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवली जात असे.

जेवणासाठी ठरलेली वेळ नव्हती. शेजारच्या साच्यावरच्या माणसाला आपल्या साच्याकडे लक्ष ठेवायला सांगून दोन घास खायचे आणि मग त्याच्यासाठी तेच करायचे, अशी कामगारांनी आपसांत लावून घेतलेली सोय होती. सणावारी गिरण्या बंद राहत, पण ते दिवस वर्षातून मोजके. इंजिन आणि बॉयलर साफ करण्यासाठी यंत्रे अधूनमधून थांबवावीच लागत, आणि त्यासाठी बहुधा रविवार निवडला जाई. मात्र त्या दिवशीही कामगारांना यंत्रांची साफसफाई करायला यावे लागे. यंत्राच्या विश्रांतीची गरज मालकांना पहिल्यापासून कळत होती. माणसाच्या विश्रांतीची गरज पटवून द्यायला एक पिढी गेली.

मुंबई सरकारने 1875 मध्ये गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी पहिली समिती नेमली. समितीतल्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. पारशी समाजातले सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मात्र हा विषय सोडला नाही. त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला, पण मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडायची परवानगी त्यांना मिळाली नाही. इकडे इंग्लंडमध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हिंदुस्थानातल्या गिरण्यांत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न संसदेत उपस्थित केला. लँकेशायरचे कापड गिरणीवालेही कायद्यासाठी जोर लावत होते. त्यांचा हेतू साधा होता: इंग्लंडमध्ये 1847 च्या कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचा दिवस दहा तासांवर आला होता, 1850 पासून शनिवारी दुपारी दोननंतर त्यांचे काम बंद होत होते, आणि मुंबईच्या गिरण्यांवर असले कोणतेच बंधन नव्हते; स्पर्धेतली ही तफावत त्यांना मिटवायची होती.

या हेतूमुळे प्रश्न गुंतागुंतीचा झाला. देशी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांना कारखान्यांचा कायदा म्हणजे नुकत्याच उभ्या राहणाऱ्या देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा लँकेशायरचा डाव वाटला. पुण्याचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ याच मताचे होते. डाव होता हे खरेच. पण चौदा तास उभ्या राहणाऱ्या बाईचे पाय त्यामुळे कमी दुखत नव्हते. राष्ट्रीय हिताच्या त्या मांडणीत कामगाराच्या शरीराला जागा मिळाली नाही, आणि हे त्या काळच्या पुढाऱ्यांच्या विचारातले मोठे उणेपण मानले पाहिजे.

अखेर 1881 चा पहिला कारखाना कायदा आला. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने मनाई केली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या घातल्या. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्याबद्दल कायदा गप्प होता. मुलांना जी विश्रांती आवश्यक आहे ती त्यांच्या आईबापांनाही लागते, एवढे मान्य व्हायला आणखी दहा वर्षे लागली.

ती दहा वर्षे नारायण मेघाजी लोखंडे यांची आहेत. लोखंडे यांचा जन्म 1848 मध्ये ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले, आणि तिथे कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले. ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र 1880 पासून लोखंडे यांनी मुंबईहून चालवले. इतर पत्रे कारखाना कायद्याकडे साम्राज्य आणि स्वदेश यांच्या भांडणातला एक मुद्दा म्हणून पाहत असताना ‘दीनबंधु’ने तो गिरणीच्या आतून पाहिला. शेतकरी आणि कष्टकरी यांच्या बाजूने बोलायचे ही सत्यशोधकी शिकवण गिरणीच्या दारापाशी थांबली नाही, म्हणून हे शक्य झाले.

मुंबई सरकारने 1884 मध्ये दुसरी समिती नेमली तेव्हा लोखंडे यांनी कामगारांच्या सभा बोलावल्या. पहिली 23 सप्टेंबर 1884 रोजी परळच्या सुपारीबागेत भरली, दुसरी तीन दिवसांनी. तिथे ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे 5,500 कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच होत्या. सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. रोज दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय मिळावी.

या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. पगारवाढीची मागणी तिच्यात नाहीच. पहिल्या तीन मागण्या वेळेबद्दलच्या आहेत. पगार महिनामहिना थकणाऱ्या, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या माणसांनी पैशाच्याही आधी विश्रांती मागितली. थकव्याने कोणती पातळी गाठली होती, हे समजायला याहून वेगळा पुरावा लागू नये. शिवाय सुट्टीच्या दिवसाची मजुरी मिळणार नव्हती. साचेवाल्याला कापडाच्या मापावर आणि इतर अनेकांना रोजावर पैसे मिळत. रविवार मागणे म्हणजे महिन्याची चार दिवसांची कमाई सोडायची तयारी दाखवणे होते.

त्याच सुमारास लोखंडे यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी केली. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. नोंदलेले सभासद, वर्गणी, नियमावली असे काही तिच्याकडे नव्हते. तिचे बळ लोखंडे यांच्या लेखणीत आणि सभा भरवण्याच्या शक्तीत होते. 1884 च्या अर्जावर काही झाले नाही, तरी तो विषय त्यांनी सोडला नाही. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. घरच्या उंबऱ्याबाहेर स्त्रीने बोलण्यावर समाजात वाद चालू असतानाच्या काळात गिरणीतल्या बायका हजारोंच्या सभेत आपल्या थकव्याबद्दल बोलल्या, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जेवढी ठळक व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. सभेचे निवेदन गिरणी मालकांच्या संघाकडे गेले आणि 10 जूनला संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

सुट्टीसाठी रविवारच का, याची कारणे व्यवहारातली होती. सरकारी कचेऱ्या आणि न्यायालये रविवारी बंद असत. बॉयलरच्या सफाईसाठी गिरण्याही बहुधा त्याच दिवशी थांबत. हिंदूंमध्ये आठवड्याचा असा एकच विश्रांतीचा वार नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडून दुसरा दावा आला नाही. पण घाटावरून आलेल्या कामगाराला हा वार परकाही नव्हता: रविवार हा खंडोबाचा वार, आणि पुणे-साताऱ्याकडच्या बहुजन कुटुंबांत खंडोबा हे कुलदैवत. त्या दिवशी देवाचे करायला मोकळीक मिळणे ही त्यांना समजणारी, आपली वाटणारी गोष्ट होती.

मालकांनी दिलेला शब्द मालक परतही घेऊ शकले असते. तो कायद्यात आला हे म्हणून महत्त्वाचे. मार्च 1890 मध्ये बर्लिनला कामगारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि ब्रिटिश सरकारवरचा दबाव वाढला. हिंदुस्थान सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सोराबजी बंगाली त्याचे सदस्य होते आणि मुंबईच्या कामकाजापुरते लोखंडे यांनाही त्यावर घेतले होते. त्यानंतरच्या 1891 च्या कायद्याने पन्नास किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांत सर्वांना साप्ताहिक सुट्टी आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाचा खंड बंधनकारक केला. स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांती ठरली. मुलांचे किमान वय नऊ झाले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा दिवस सात तासांवर आला. लोखंडे यांना पुढे रावबहादूर ही पदवी मिळाली. मुंबईत प्लेगची पहिली मोठी साथ चालू असताना 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्या साथीतच त्यांचा मृत्यू झाला.

दुपारच्या अर्ध्या तासाने गिरणगावाचे, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीचे, दुपारचे रूपच बदलले. इंजिन थांबताच खात्यातला कानठळ्या बसवणारा आवाज बंद होई. ज्यांच्या खोल्या जवळ होत्या ते धावत घरी जाऊन परत येत. बाकीचे आवारात, भिंतीच्या सावलीत, जिन्यावर बसून डबा सोडत. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या एकट्या पुरुषांना खानावळवाल्या बायकांचा आधार होता. एकेक बाई दहा-वीस माणसांना जेवू घाले आणि पगार झाला की महिन्याचा हिशेब होई. मुंबईचे डबेवाले आपल्या धंद्याचा आरंभ महादू हावजी बच्चे यांच्यापासून, 1890 च्या सुमाराचा सांगतात. तो धंदा कचेऱ्यांतल्या नोकरांच्या आधाराने वाढला. तरी शहराच्या दिवसाला मध्यान्हीचा एक निश्चित थांबा याच काळात पडत गेला, ही संगती लक्षात राहते.

एवढे झाल्यावरही प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना वरची मर्यादा नव्हतीच. सूर्यास्त हीच काय ती मर्यादा होती, आणि विजेच्या दिव्यांनी ती पुसून टाकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवे बसवलेल्या गिरण्या पहाटे पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत चालू लागल्या. 1905 मध्ये कापडाला मागणी वाढली तशी पंधरा तासांची पाळी नित्याची झाली. त्या वर्षी दिव्याखालच्या कामाविरुद्ध अनेक गिरण्यांत संप झाले, आणि एरवी मालकवर्गाला जवळचे असलेले ‘टाइम्स ऑफ इंडिया’ही या तासांवर कठोर टीका करू लागले. लोखंडे यांच्या अर्जातली तिसरी मागणी, म्हणजे सूर्यास्ताला काम थांबावे ही, का महत्त्वाची होती ते वीस वर्षांनी असे दिसून आले.

यानंतर नेमलेल्या, मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखालील कारखाना कामगार आयोगाने 1908 मध्ये अहवाल दिला. विश्रांतीच्या इतिहासात या अहवालाचे मोल वेगळे आहे, कारण सक्तीचे लांब तास प्रत्यक्षात कसे भरले जातात याची त्यात तपशीलवार पाहणी आहे. आयोगाला असे दिसले की गिरणीत तेरा-चौदा तास हजर असलेला कामगार तेवढा वेळ यंत्रापाशी नसतो. पाणी प्यायला, बिडी ओढायला, नैसर्गिक विधीसाठी, नुसता श्वास घ्यायला तो बाहेर येतो, आवारात फिरतो, कोपऱ्यात डोळा लावतो. हे गृहीत धरून गिरण्या गरजेपेक्षा जास्त माणसे ठेवत, म्हणजे काही बाहेर असली तरी साचे चालू राहावेत. मालक या फिरण्याला आळस म्हणत आणि हिंदी कामगाराचा स्वभावच असा, असे साक्षीत सांगत.

स्वभावाचे हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. शरीराला सलग चौदा तास एकाग्र राहता येत नाही. नियमाने विश्रांती दिली नाही तर ते ती आपल्या परीने घेते. कामगार जे करत होते ती त्यांची स्वतःची, कोणत्याही कायद्यात नसलेली मधली सुट्टी होती. फरक इतकाच की ती मिळवताना मुकादमाची शिवी आणि दंडाची भीती सोबत असे, त्यामुळे तिच्यातून पुरता विसावाही मिळत नसे. आयोगाच्या बहुसंख्य सदस्यांनी तास कमी व्हावेत हे मानले, पण प्रौढ पुरुषांच्या तासांवर कायद्याने थेट मर्यादा घालायला ते तयार नव्हते. मद्रासचे सदस्य डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेची मागणी केली. ते स्वतः वैद्यक व्यवसायातले होते, आणि लांब तासांनी शरीराची होणारी झीज हा त्यांच्या मांडणीचा पाया होता. 1911 च्या कायद्यात कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. या मुद्द्यावर नायर यांची बाजू खरी ठरली.

पुढचे टप्पे भराभर पडले. वॉशिंग्टनला 1919 मध्ये झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांच्या वतीने कामगार पुढारी ना. म. जोशी गेले होते. हिंदुस्थानासाठी आठवड्याला साठ तासांचे प्रमाण तिथे ठरले. जानेवारी 1920 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा सार्वत्रिक संप झाला आणि दिवस दहा तासांवर आला. 1922 च्या कायद्याने साठ तासांचा आठवडा आणि रोज एक तासाची विश्रांती घातली, 1934 च्या कायद्याने आठवडा चोपन्न तासांचा केला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना मांडल्या गेलेल्या दुरुस्तीने 1946 मध्ये तो अठ्ठेचाळीस तासांवर आला. तास कमी झाले तसे पाळीतले फिरणेही कमी होत गेले. दर वेळी मालकांनी उत्पादन घसरण्याचे भाकीत केले होते. मुंबईचा कापडधंदा त्यामुळे बुडाला नाही.

रविवार हातात आल्यावर गिरणगावाने त्याचे काय केले, हा या इतिहासाचा सर्वांत सुखाचा भाग आहे. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी या भागांत भजनी मंडळे, तालमी, लेझीम पथके, हुतुतूचे संघ, नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या. कोकणातली नमन-खेळे आणि घाटावरचा तमाशा दोन्ही शहरात आले, कारण बघायला वेळ असलेला प्रेक्षक तयार झाला होता. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. पुढे शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाला ऐकायला जमणारा समुदाय हाच होता. संघटनेच्या सभा, गावकीच्या बैठका, लग्ने जुळवणे, गावाकडे पत्रे लिहून घेणे, सगळे रविवारी होई. मोकळा दिवस नसता तर गिरणगावात कामगार राहिले असते, पण गिरणगावाची म्हणून जी संस्कृती आहे ती घडली नसती.

स्त्रियांच्या वाट्याला मात्र हा दिवस तसाच आला नाही. वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांतल्या बायकांचा रविवार चाळीच्या नळावर धुणे, दळण, निवडण-टिपण आणि पोरांच्या अंघोळीत जाई. कायद्याने गिरणीतले काम थांबवले; घरातल्या कामाला सुट्टी देणारे कोणी नव्हते.

या साप्ताहिक खंडाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे एका आजारातून दिसते. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या रोगात सुरुवातीला छाती आवळल्यासारखी वाटते ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे सुट्टीनंतर कामावर परतताच. एक दिवस धुळीपासून दूर राहिलेली छाती सोमवारी त्या धुळीला पुन्हा तीव्रतेने प्रतिसाद देते. रोग वाढला की हा फरक राहत नाही. त्रास रोजचा होतो आणि एका दिवसाची विश्रांती पुरत नाही.

आठवड्याच्या सुट्टीपेक्षा वेगळी, पण कामगाराच्या मनात तिच्याहून मोठी अशी एक विश्रांती होती: गावी जाणे. शिमगा, गणपती, लग्नसराई आणि पेरणी यांसाठी रत्नागिरीकडचे कामगार महिना-दोन महिने गावी जात. या रजेला पगार नव्हता आणि परतल्यावर जागा मिळण्याची हमीही नव्हती. रजा मंजूर करणे आणि परत कामावर घेणे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात असे. त्याचा हात ओला केल्याशिवाय पुष्कळदा काम होत नसे. मधल्या काळात त्या साच्यावर बदली कामगार उभा राही. तोही रोज सकाळी गिरणीच्या दारात कोणाचा तरी खाडा पडण्याची वाट पाहत थांबलेला असे. मालकांच्या कागदोपत्री ही सारी गैरहजेरी होती. वास्तविक ती वार्षिक सुट्टीच होती, फक्त तिची पूर्ण किंमत कामगार स्वतःच्या खिशातून देत होता. भरपगारी वार्षिक रजेचे तत्त्व कारखाना कायद्यात आले ते 1945 च्या दुरुस्तीने, तेही आंबेडकरांच्याच कारकिर्दीत.

स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाना कायद्यात या सगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या: नऊ तासांचा कमाल दिवस, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, आणि कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीची आणि डबा खाण्याची खोली, अडीचशेहून अधिक असतील तिथे उपाहारगृह सक्तीचे झाले. दुकानांतल्या आणि हॉटेलांतल्या नोकरांना मुंबई प्रांतात 1939 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने साप्ताहिक सुट्टी मिळाली होती. महाराष्ट्राच्या 2017 च्या नव्या कायद्याने दुकाने वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी देण्याचे बंधन कायम ठेवले.

1948 च्या कायद्याची कक्षा कारखान्याच्या भिंतीपाशी संपत होती. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्राने 2008 मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात साप्ताहिक सुट्टीचा हक्क नाही. मराठवाड्यातून हंगामाला निघणाऱ्या ऊसतोड जोडप्यांना पाच-सहा महिने रात्री-बेरात्री गाडी भरावी लागते, आणि आजारपणामुळे एक दिवस कोयता थांबला तरी मुकादम उचलीच्या हिशेबात खाडा लावून दंड कापतो.